फुकटातलं इंग्रजी आणि खरा हापूस

आमच्या ऑफिसातली सगळी इंग्रजी मेल मी लिहिते, आणि परदेशातून फोन आला की 'वन मिनिट सर' म्हणून तो शेठच्या पुतण्याकडे सरकवणारीही मीच. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण निर्यातीच्या कागदपत्रांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना लगेच कळेल. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअर वे बिल (विमानानं जाणाऱ्या मालाची पावती), फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), सगळं इंग्रजीतच असतं. पण ते ठरलेल्या वाक्यांचं इंग्रजी. 'प्लीज फाइंड अटॅच्ड', 'काइंडली कन्फर्म', 'अवेटिंग युअर रिप्लाय'. मूठभर वाक्यांवर अख्खं वर्ष निघतं. समोरच्यानं फोनवर साधं 'हाऊ इज द वेदर देअर?' विचारलं की मात्र तोंडाला कुलूप.

ऑफिस तुर्भ्याला, एपीएमसीच्या फळ मार्केटजवळ. मार्च ते जून हापूस, बाकीचे महिने डाळिंब आणि जे येईल ते. माझे वडील याच एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पाटण तालुक्यातून आलेले. मी कोपरखैरण्यात वाढले, मराठी शाळेत शिकले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी, दहावीत निबंध पाठ, आणि मधलं सगळं सर मराठीतून समजावून सांगायचे. इंग्रजीचा तास होता, पण त्या तासाला इंग्रजीत बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

क्लास लावायचा विचार केला होता. ठाणे स्टेशनच्या आसपास 'फाडफाड इंग्रजी'च्या पाट्या काही कमी नाहीत. एका ठिकाणी डेमोला बसले. पंचवीस जणांत एक सर, आणि दीड तासात माझ्या वाट्याला आलेलं बोलणं म्हणजे 'माय नेम इज'. तेवढं मला येत होतं. शिवाय संध्याकाळी सातचा वर्ग. आमच्याकडे हंगामात सातला गाडी भरायची असते. म्हणून फुकटच्या वेबसाइटकडे वळले. त्या पुष्कळ आहेत, इतक्या की कुठली धरावी हेच कळत नाही. यादी देणारे व्हिडिओही ढीगभर. मला इथे यादी द्यायची नाही. मी काय वापरते, कसं वापरते आणि काय सोडून दिलं, एवढंच सांगते.

आधी सोडलेलं सांगते. मोबाइलवरचं ते सगळ्यांना माहीत असलेलं अ‍ॅप, ज्यात रोज हजेरी लावली की आग पेटते आणि नाही लावली की अ‍ॅप रुसतं. आग छान पेटली होती माझी. चित्रावर बोट ठेवायचं, शब्द ओढून जागेवर बसवायचे, टिंग आवाज येतो, बरं वाटतं. पण बोटानं उत्तर निवडणं आणि तोंडातून वाक्य काढणं यांचा एकमेकांशी फार संबंध नाही. चार पर्यायांतलं बरोबर वाक्य मी शाळेतही ओळखायचे. फोनवर कुणी चार पर्याय देत नाही.

खरी सुरुवात झाली ती बीबीसी लर्निंग इंग्लिशवर, तीही एका विनोदी योगायोगानं. बीबीसीचं हे इंग्रजी शिकवण्याचं काम १९४३ पासून चालू आहे, तेव्हा अर्थात रेडिओवरून. त्यांच्या साइटवर 'इंग्लिश अ‍ॅट वर्क' नावाची जुनी मालिका आहे. लंडनमधलं एक काल्पनिक ऑफिस, टिप टॉप ट्रेडिंग, आणि तिथे नव्यानं लागलेली अ‍ॅना. आता ही कंपनी विकते काय? प्लास्टिकची फळं! मी खरी फळं विकणाऱ्या ऑफिसात बसून नकली फळं विकणाऱ्यांचं इंग्रजी ऐकत होते. पहिल्याच भागाला मी हसले आणि मग सोडवलं नाही. मुलाखत कशी द्यायची, फोन कसा घ्यायचा, चिडलेल्या ग्राहकाला कसं शांत करायचं, मीटिंगमध्ये मध्येच बोलायचं तर काय म्हणायचं, एकेका भागात असं एकेक काम. प्रत्येकाची संहिता खाली दिलेली. मला पाऊस, पब आणि राजघराण्यावरचे धडे नको होते. मला माल उशिरा पोचला हे सांगता यायला हवं होतं, आणि ते तिथे होतं.

ठाण्याहून तुर्भ्याला जाताना लोकलमध्ये मी ऐकायचे. घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवलेलं. लेडीज डब्यात कानात इअरफोन घालून ओठ हलवणारी बाई म्हणजे जप करणारी असाच समज होतो, त्यामुळे कुणी हटकत नाही. ही सोय मोठी आहे. ऐरोलीला आयटीवाल्यांची झुंड उतरली की जागाही मिळते.

पण नुसतं ऐकून फारसं काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे. कानाला सवय होते म्हणतात. होते, पण वाहत्या नळाच्या आवाजाचीही होते. मला उपयोग झाला तो श्रुतलेखनाचा. शाळेत बाई घालायच्या तेच. त्यासाठी व्हॉईस ऑफ अमेरिका या अमेरिकेच्या सरकारी नभोवाणीची लर्निंग इंग्लिश साइट मला सगळ्यात सोयीची वाटली. 'स्पेशल इंग्लिश' या नावानं त्यांनी १९ ऑक्टोबर १९५९ ला रेडिओवर हे सुरू केलं. साधारण १५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्यं आणि मुद्दाम संथ वाचन. बातमी मात्र खरीच, लहान मुलांची गोष्ट नाही. मी दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचे, एकेका वाक्याला थांबवून वहीत लिहायचे, आणि मग संहितेशी ताडून लाल पेननं तपासायचे.

त्या लाल खुणांतून एक गोष्ट दिसली. मोठे, अवघड शब्द बहुतेक जागेवर होते. गायब होते ते बारके. अ, द, ऑफ, टू, हॅव. म्हणजे 'गव्हर्नमेंट' आणि 'एन्व्हायर्नमेंट' मला ऐकू येत होतं, पण त्यांच्या मधलं 'ऑफ द' येत नव्हतं. कारण ती मंडळी ते शब्द पूर्ण म्हणतच नाहीत. आपण मराठी बोलताना प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच वेळ देतो. इंग्रजीत एका शब्दावर जोर आणि बाकीचे चेंगरलेले. 'शुड हॅव बीन' हे कागदावर तीन शब्द असतात, कानावर जेमतेम दीड येतो. व्हॉईस ऑफ अमेरिकेचे निवेदक संथ असल्यामुळे थोडं तरी सापडतं. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'मध्ये दोघं जण खऱ्या वेगानं गप्पा मारतात, तिथे हे चेंगरणं भरपूर असतं. म्हणून माझा क्रम ठरला: आधी अमेरिकन संथ, मग ब्रिटिश गप्पा. 'सिक्स मिनिट'ची रचनाही बरी आहे. सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, मध्ये सहा शब्द समजावतात, आणि शेवटी उत्तर देतात. उत्तरासाठी आपण टिकून राहतो, हा त्यांचा कावा.

अ आणि द हा तर मराठी माणसाचा जन्माचा प्रश्न. आपल्या भाषेत ते नाहीतच, त्यामुळे नसल्याचं जाणवत नाही. नियम ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश साइटवर नीट दिलेत, सरावासकट. ते वाचले, डोकं हलवलं, आणि मेलमध्ये पुन्हा 'शिपमेंट इज रेडी'. मग मी स्वतःचाच एक खेळ काढला. श्रुतलेखनाचा तुकडा तपासून झाला की तो दुसऱ्या पानावर अ-द गाळून उतरवायचा. दोन दिवसांनी, मूळ विसरलं की, जागा भरायच्या आणि पुन्हा ताडायच्या. नियम पाठ न करताही हळूहळू हात आपोआप जायला लागला. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', तीच वस्तू पुन्हा आली की 'द', एवढं तरी आता खुपायला लागलंय. नद्या, डोंगर आणि हॉस्पिटलांचे अपवाद मी इंग्रजांना दान केले.

बोलण्याचं काय, हा प्रश्न मला सगळे विचारतात. वेबसाइट ऐकवते, लिहून घेते, पण आपलं ऐकून कोण घेणार? माझ्या मुलानं यावर उपाय दाखवला. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, भाषा 'इंग्लिश (इंडिया)' निवडायची आणि बोलायला लागायचं. आपण बोलू ते पडद्यावर उमटतं. इंडिया निवडणं महत्त्वाचं, नाहीतर यंत्राला उगाच आपल्या मराठी वळणाचा राग. आपला उद्देश इंग्रज होण्याचा नाही, समोरच्याला कळण्याचा आहे. यात एक मेख आहे. पूर्ण वाक्य म्हटलं की यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि आपली चूकही झाकून टाकतं. म्हणून अडचणीचे शब्द एकेकटे म्हणावे. 'शिप' म्हटलं आणि 'शीप' उमटलं की कळतं, इकार लांबला. जहाजाच्या जागी मेंढी. निर्यातीच्या धंद्यात हा फरक बरा ठेवलेला.

गावांच्या नावांसाठी यूग्लिश नावाची साइट आहे. शब्द टाइप केला की तो ज्यात उच्चारलाय असे यूट्यूबचे तुकडे एकापाठोपाठ एक दाखवते. अमेरिकन, ब्रिटिश असे उच्चार निवडताही येतात. आमचा बराच आंबा ज्या गावाला जातो ते कागदावर 'लिसेस्टर' दिसतं आणि तोंडात 'लेस्टर' होतं. ग्रीनविचचं 'ग्रेनिच'. साध्या शब्दाला केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशातलं स्पीकरचं चित्र दाबलं तरी पुरतं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार मिळतात. पण दहा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तोच शब्द ऐकला की आपल्यालाही धीर येतो. प्रत्येक जण थोडं वेगळंच म्हणत असतो.

यावरून माझा मुख्य मुद्दा. या सगळ्या साइटवर बोलणारी माणसं म्हणजे लंडनचे नाहीतर वॉशिंग्टनचे निवेदक. माझ्या फोनवर त्यातलं कुणीही नसतं. लंडनचा ग्राहक मूळचा गुजराती, दुबईचा मल्याळी, एअरलाइनच्या कार्गोत बोलणारी बाई फिलिपिनो. इंग्रजी या कुणाचीच मातृभाषा नाही. मी बीबीसीसारखं चेंगरून बोलले तर दुबईवाल्यालाच कळणार नाही! ऐकताना चेंगरलेलं समजायला हवं, बोलताना मात्र सुटं, स्पष्ट आणि सावकाश बोललेलं चालतं, उलट तेच बरं पडतं. हे कुठल्याही साइटवर ठळकपणे लिहिलेलं मला दिसलं नाही, पण कामाच्या इंग्रजीत हेच सगळ्यात उपयोगी आहे.

उदाहरण द्यायचं तर आकडे. एअर वे बिलाचा नंबर अकरा आकडी, पहिले तीन एअरलाइनचे आणि पुढचे आठ मालाचे. एक आकडा चुकला की माल शोधत बसा. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक मुख्यतः जोराचा असतो, आणि खराब लाइनवर तो जोर हवेत जातो. म्हणून मी 'वन फाइव्ह' आणि 'फाइव्ह झीरो' असंच म्हणते आणि शेवटी 'लेट मी रीड इट बॅक टू यू' म्हणून पूर्ण नंबर परत वाचते. स्पेलिंगलाही आपलं 'ए फॉर अ‍ॅपल' न वापरता कार्गोवाल्यांचं अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही असली दहा-बारा वाक्यं मी टिप टॉप ट्रेडिंगमधून आणि लर्नइंग्लिशच्या व्यवसायाच्या विभागातून उचलली, वहीत लिहिली, आणि फोनशेजारी ठेवली. शेठच्या पुतण्याचं काम त्यामुळे बरंच हलकं झालंय. त्याला ते फारसं आवडलेलं दिसत नाही, कारण परदेशी फोन घेणारा म्हणून त्याचा मार्केटात रुबाब होता.

गेल्या हंगामात वाशीच्या विकिरण केंद्रावर गेले होते, म्हणजे जिथे फळातल्या किडीसाठी त्यावर किरणांचा मारा करतात. अमेरिकेनं भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा दार उघडलं ते याच अटीवर, की विकिरण झाल्याशिवाय फळ यायचं नाही. हे केंद्र आपल्या कृषी पणन मंडळाचं. आपल्या माणसांबरोबर अमेरिकेच्या कृषी खात्याचा अधिकारीही तिथे असतो. त्यानं खोक्यावरच्या लेबलाबद्दल विचारलं आणि मी उत्तर दिलं. दोनच वाक्यं. वाक्यात 'द' होता की नाही आठवत नाही. त्यानं मान हलवली आणि पुढच्या खोक्याकडे गेला.

आपण कुठवर आलो हे मोजायची हौस असेल तर तीही फुकटात भागते. सगळीकडे ए१, ए२, बी१ अशा पायऱ्या दिसतात ना, त्या युरोप परिषदेनं २००१ मध्ये ठरवलेल्या चौकटीतल्या आहेत. ए१ पासून सी२ पर्यंत सहा. आंब्याची प्रतवारी लावतात तसंच, फक्त इथे फळ आपणच. ईएफ सेट नावाची परीक्षा ऑनलाइन फुकट देता येते. माझं वाचन बी२ मध्ये निघालं आणि ऐकणं बी१ मध्ये, म्हणजे मेल लिहिणारी बाई फोन का टाळते ते कागदावर आलं. ज्यांना लेखन सुधारायचंय त्यांनी केंब्रिजचं 'राइट अँड इम्प्रूव्ह' बघावं. आपण परिच्छेद लिहायचा, ते यंत्र कच्ची वाक्यं रंगवून दाखवतं आणि पायरी सांगतं. ते चूक दाखवतं, पण प्रत्येक वेळी दुरुस्ती देईलच असं नाही, आणि मला वाटतं तेच चांगलं. आजकाल चॅटबॉटला मेल दिला की तो गोड, गुळगुळीत मेल करून परत देतो. काम होतं, पण त्यात आपलं डोकं कुठेच लागत नाही.

'क्लासिक कादंबऱ्या वाचा, फुकट आहेत' हा सल्लाही खूप मिळतो. प्रोजेक्ट गटेनबर्ग १९७१ पासून पुस्तकं संगणकावर आणतंय, आणि २००५ पासून लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवक ती मोठ्यानं वाचून ठेवतात. दोन्ही कामं थोर. पण ती पुस्तकं बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी, भाषाही तशीच. माझ्यासारखीनं त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा विकिपीडियाची 'सिंपल इंग्लिश' आवृत्ती उघडावी आणि ज्यातलं आपल्याला आधीच कळतं असं पान वाचावं. आंबा, कांदा, शिवाजी महाराज, काहीही. विषय ठाऊक असला की अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप लागतो.

एक वाईट बातमीही सांगायला हवी. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आदेशानं व्हॉईस ऑफ अमेरिकेचं काम थांबवलं गेलं आणि कर्मचारी घरी बसवले गेले. संथ बातम्यांचा तो जुना झरा त्या फेऱ्यात आला. सरकारी पैशावर चालणाऱ्या फुकट गोष्टींचं हे असं असतं. मी तेव्हापासून आवडीचे तुकडे उतरवून पेनड्राइव्हवर ठेवलेत. श्रुतलेखनाला बातमी ताजी असावी लागत नाही.

त्या पेनड्राइव्हला सध्या दुसरी मालकीण मिळालीय. कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू. त्यांचा नातू न्यू जर्सीत वाढतोय आणि त्याला मराठी कळतं पण तो उत्तर इंग्रजीत देतो, तेही अमेरिकन. काकूंना ते समजून घ्यायचंय. त्यांच्यासाठी व्हॉईस ऑफ अमेरिकेचेच 'लेट्स लर्न इंग्लिश'चे धडे काढले, पहिल्या पातळीचे ५२ आहेत. यातल्या मुलीचंही नाव अ‍ॅना! दोन देशांच्या दोन नभोवाणींना शिकवायला अ‍ॅनाच सापडली. ही अ‍ॅना वॉशिंग्टनला नव्या घरात राहायला येते आणि आपलं नाव सांगते, एवढाच पहिला धडा. काकूंनी तो नीट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही एकटीच राहते? आणि सामान वर चढवायला कुणी आलं नाही?" मी म्हटलं, काकू, आपण 'हॅलो'कडे लक्ष देऊया. त्या म्हणाल्या, "हॅलो मला येतं गं. पुढचं लाव, हिचे आईवडील कधी येतात ते बघू."